पेरणीनंतरची आयात

२८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने खरिपाचे हमीभाव जाहीर केले. मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये, लांब धाग्याच्या कापसाला ८,११०, तुरीला ८,००० आणि सोयाबीनला ५,३२८. आदल्या वर्षापेक्षा कापसात ५८९ आणि सोयाबीनमध्ये ४३६ रुपयांची वाढ होती. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतला कास्तकार मृगाच्या तोंडावर पऱ्हाटी किती लावायची, सोयाबीन किती पेरायचे, मधे तुरीची तासे किती ठेवायची हे ठरवतो, तेव्हा त्याच्यापुढे सरकारने दिलेले हेच आकडे असतात. पण दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. उपकर धरून प्रत्यक्ष बोजा साडेसत्तावीस टक्क्यांवरून साडेसोळा टक्क्यांवर उतरला. पुढे १८ ऑगस्टला कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण माफ झाले आणि २८ ऑगस्टला ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. त्या वेळी वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला पात्या-फुले लागलेली होती. बियाणे, खते, निंदण, डवरणी आणि फवारणीचा खर्च होऊन गेला होता. ज्या महिन्यांत कापूस घरात येतो आणि कर्ज, उधारी, दिवाळी यांच्यासाठी विकावाच लागतो, नेमके तेच ऑक्टोबर ते डिसेंबर हे महिने या माफीत आले.

परदेशी माल बंदरात उतरणे एवढाच आयातीचा अर्थ आपण शाळेत शिकलो. आवश्यक वस्तू कमी पडली की ती बाहेरून आणायची, जास्त झाली की बाहेर पाठवायची. देशाच्या व्यवहारातली ही साधी देवघेव. वऱ्हाडात मात्र या शब्दाला दुसराच अर्थ आला आहे. इथे समुद्र नाही, बंदर नाही, परदेशी कापसाची गाठ बहुतेकांनी पाहिलेलीही नाही. तरी ‘आयात होणार’ एवढी बातमी आली की अकोला, अकोट, अमरावती, दर्यापूर इथल्या बाजारात खरेदीदार हात आखडता घेतो. आयात म्हणजे इथे भाव ठरवण्याची सरकारी पद्धत आहे आणि ती हमीभावाच्या उलट दिशेने चालते. माझे म्हणणे आयातीच्या विरोधात नाही. माझे म्हणणे तिच्या वेळेविषयी आहे. पेरणीच्या आधी जाहीर झालेली आयात हे धोरण आहे, कारण त्याचा विचार करून कास्तकार पीक बदलू शकतो. पेरणी झाल्यावर बदललेली आयात म्हणजे दिलेला शब्द मोडणे आहे, कारण जमिनीत गेलेले बियाणे परत काढता येत नाही. वऱ्हाडाचे गेल्या दहा वर्षांतले नुकसान या दुसऱ्या प्रकारातून झालेले आहे आणि ते टाळता येण्यासारखे होते.

आधी कापसाचा हिशेब मांडू. एक क्विंटल कापूस रेचल्यावर साधारण ३४ किलो रुई आणि उरलेली बहुतांश सरकी निघते. परदेशी रुई भारतीय बंदरात किलोला १५० रुपयांना पडते असे धरले, तर ११ टक्के शुल्क म्हणजे किलोमागे साडेसोळा रुपये. शुल्क असताना गिरणीला ती रुई साडेसहासष्ट रुपये वर शंभरला पडते, शुल्क नसताना दीडशेला. देशी रुईलाही मग तेवढाच भाव देणे गिरणीला परवडते. हा फरक ३४ किलोंवर पसरला की एका क्विंटल कापसामागे सुमारे ५६० रुपये होतात. हमीभावात वर्षभराची जी वाढ मिळाली, ती ५८९ रुपयांची. म्हणजे मे महिन्यात एका हाताने दिलेले ऑगस्टमध्ये दुसऱ्या हाताने जवळजवळ पूर्ण परत घेतले गेले. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सहा क्विंटल कापूस धरला तर एकरामागे हा फटका तीन हजारांच्या घरात जातो. पाच एकरांच्या घरात पंधरा हजार. मुलाच्या अमरावतीतल्या खोलीचे भाडे किंवा पुढच्या हंगामाची बियाण्यांची पाकिटे त्यातून निघाली असती.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की बाजार पडला तरी भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावाने खरेदी करतेच. हे उत्तर अर्धे खरे आहे. सीसीआयने २०२४-२५च्या हंगामात खरोखरच मोठी खरेदी केली, सुमारे शंभर लाख गाठी. पण तिच्या केंद्रावर कापूस घालायचा तर नोंदणी लागते, सात-बारावर पिकाची नोंद लागते, ओलावा बारा टक्क्यांच्या आत लागतो आणि आठ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो. दसऱ्याच्या सुमारास निघणारी पहिली वेचणी ओली असते, त्यात परतीचा पाऊस. केंद्र उघडेपर्यंत थांबणे ज्याला जमत नाही तो खेडा खरेदीवाल्याला माल देतो, कारण तो रोख चुकारा करतो. थांबता न येणारा हा कास्तकार सर्वांत लहान असतो. दुसरी बाब सरकारी तिजोरीची आहे. शुल्क माफ होताच सीसीआयला आपल्याकडच्या गाठींचे विक्रीदर खाली आणावे लागले. जी रुई सरकारने हमीभावाच्या कापसातून तयार केली, तीच सरकारच्या निर्णयाने स्वस्त झाली. शुल्काचे उत्पन्न बुडाले ते वेगळेच. एकाच वर्षात एकाच पिकावर सरकारने दोनदा पैसे घालवले आणि कास्तकाराच्या हाती त्यातले फार थोडे पडले.

तुरीची गोष्ट जास्त बोलकी आहे, कारण तिथे सगळा क्रम उघड दिसतो. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. देशभर ओरड झाली. सरकारने शेतकऱ्यांना तूर पेरायला सांगितले आणि २०१६-१७साठी बोनससह ५,०५० रुपये हमीभाव दिला. कास्तकाराने ऐकले. देशाचे तुरीचे उत्पादन एका वर्षात सुमारे २५ लाख टनांवरून ४८ लाख टनांच्या वर गेले. पण पेरण्या चालू असतानाच, जुलै २०१६ मध्ये, मोझांबिकशी करार झाला. तिथून येणारी डाळ पाच वर्षांत एक लाख टनांवरून दोन लाख टनांवर न्यायची, असे त्यात ठरले. त्या वर्षी एकूण सुमारे सात लाख टन तूर बाहेरून आली. आफ्रिकेतली तूर ऑगस्टनंतर निघते आणि आपली तूर निघण्याच्या थोडे आधी बंदरात येऊन पडते, हे वेळापत्रक व्यापाऱ्यांना पक्के ठाऊक असते. २०१७च्या जानेवारी-फेब्रुवारीत वऱ्हाडातली तूर बाजारात आली तेव्हा गोदामे आधीच भरलेली होती. भाव हमीभावाच्या खाली गेले, नाफेडच्या हमीभाव खरेदी केंद्रांपुढे ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, खरेदी थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. त्याच काळात तूर बाहेर पाठवायलाही बंदी होती. डाळींच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी तुरीसाठी सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. आयातीवर १० टक्के शुल्क बसले ते मार्च २०१७च्या अखेरीस आणि वार्षिक दोन लाख टनांची मर्यादा आली ती ऑगस्टमध्ये. तोवर लहान कास्तकाराची तूर विकून झाली होती. या दोन निर्णयांचा फायदा ज्यांच्या गोदामात माल होता त्यांना झाला.

तरीही पुढच्या दशकात हाच क्रम चालू राहिला. मे २०२१ मध्ये, त्या वर्षीच्या पेरणीच्या आधी काही आठवडे, तूर, मूग आणि उडीद मुक्त आयातीत आले. म्यानमार आणि मलावीशी वार्षिक कोट्याचे करार झाले. पुढे तुरीवरचे शुल्क पूर्ण माफ झाले आणि ती माफी दरवर्षी वाढत राहिली. जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे वऱ्हाडातली तूर खळ्यावर असताना, माफी ३१ मार्च २०२६ पर्यंत वाढवल्याचे जाहीर झाले. हमीभाव ७,५५० होता. अनेक बाजारांत तूर त्याच्या खाली विकली गेली. अकोल्याच्या डाळ मिलांना बाहेरची तूर मिळाली याचे मला दुःख नाही. त्या मिलांवर हजारो हातांचे पोट आहे आणि वर्षभर चालायला त्यांना माल लागतो. पण हाच निर्णय मे महिन्यात जाहीर झाला असता तर काही शेतांत तुरीऐवजी दुसरे पीक असते. जानेवारीत जाहीर झाल्यामुळे त्याने फक्त भाव पाडले.

सोयाबीनमध्ये २०२१ साली जे घडले ते वऱ्हाड अजून विसरलेला नाही. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले होते. कोंबडीपालकांनी खाद्य महागल्याची तक्रार केली आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात बारा लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली. ही पेंड जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची होती. नवे पीक बाजारात आले तेव्हा भाव निम्म्यावर होता. त्या वर्षीच्या ३,९५० रुपये हमीभावापेक्षा तो वरच होता, हे मान्य करायला हवे. सगळी घसरण केवळ पेंडीमुळे झाली असेही म्हणता येणार नाही, कारण नव्या मालाच्या आवकेने भाव उतरतोच. पण चढता भाव पाहून ज्याने महागडे बियाणे घेतले, चुकलेली पेरणी दुबार केली, त्याच्या खर्चाचा पाया सरकारने मधेच काढून घेतला. शिवाय या निर्णयात एक अन्याय आहे, जो वऱ्हाडाला विशेष बोचला. दोनच वर्षांपूर्वी, १० जून २०१९ रोजी, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तणनाशक सहन करणाऱ्या जनुकीय कापसाची जाहीर लागवड केली होती. परवानगी नसलेले बियाणे लावल्याबद्दल त्यांच्यावर गुन्हे नोंदवले गेले. ते बियाणे योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे आणि त्यात दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण जे तंत्र आपल्या शेतात वापरायला बंदी आहे, त्याच तंत्राने परदेशात पिकवलेला माल आपल्या कास्तकाराच्या स्पर्धेत उतरवायचा, याला न्याय्य म्हणता येईल असा एकही युक्तिवाद मला सापडलेला नाही.

वऱ्हाडाचे जगाच्या बाजाराशी नाते जुने आहे, म्हणून इथे ‘दारे बंद करा’ ही मागणी मला कधीच पटलेली नाही. १८५३ मध्ये निजामाच्या थकलेल्या कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि त्यांची नजर इथल्या कापसावर होती. १८६१ ते १८६५च्या अमेरिकन यादवी युद्धात लिव्हरपूलला अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा इथल्या काळ्या जमिनीला भाव आला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईहून निघालेली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे करत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. त्या काळचा कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक याने सरकारी अहवालात उघड लिहिले होते की रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आले की इथले सूत कातणारे आणि कापड विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. त्याप्रमाणे घडलेही. कापूस बाहेर जाऊ लागला, कापड आत येऊ लागले आणि वऱ्हाडातल्या कोष्ट्यांचे माग ओस पडत गेले. त्या आयातीने कोणाचे पोट गेले हे १८९६-९७ आणि १८९९-१९००च्या दुष्काळांत कळले; पैसा नसलेल्या घरांना कापसाच्या मुलखात धान्य मिळाले नाही.

त्याच काळातले शुल्काचे राजकारण आजच्या वाचकाने नीट पाहावे असे आहे. १८८२ मध्ये विलायती कापडावरचे आयात शुल्क रद्द झाले. १८९४ मध्ये तिजोरीला पैसा हवा म्हणून पाच टक्के शुल्क परत आले. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी संसदेवर दडपण आणले आणि १८९६ मध्ये शुल्क साडेतीन टक्क्यांवर उतरले. तेवढेही त्यांना पुरेसे वाटले नाही म्हणून हिंदी गिरण्यांच्या कापडावर तितकाच, साडेतीन टक्के, उत्पादन कर बसवण्यात आला. हा उत्पादन कर जायला १९२५चा डिसेंबर उजाडावा लागला, तोही मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या प्रचंड संपानंतर. यातून मला एक गोष्ट दिसते. आयात शुल्काचा आकडा नेहमीच त्या माणसांकडे झुकतो ज्यांची संघटना राजधानीजवळ असते. मँचेस्टरची होती, म्हणून १८९६ घडले. गिरणी कामगार आणि मालक दोघेही एकाच मागणीवर आले, म्हणून १९२५ घडले. आजही वस्त्रोद्योग, खाद्यतेल शुद्धीकरण, कुक्कुटपालन यांच्या संघटनांचे निवेदन दिल्लीत आठवड्याभरात पोहोचते. वऱ्हाडातल्या कास्तकाराचे निवेदन तहसील कचेरीत राहते.

आता वस्त्रोद्योगाची बाजू, कारण ती सर्वांत वजनदार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर नेले आणि तयार कपडे पाठवणाऱ्या कारखान्यांवर खरोखर संकट आले. अमरावतीला तर याचा थेट संबंध आहे. नांदगावपेठला कापड उद्योग आहेत आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वर्ध्याहून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी केली. कापूस इथे पिकावा आणि कापडही इथेच व्हावे, हे स्वप्न वऱ्हाड दीडशे वर्षे पाहत आला आहे. गिरणीला कापूस महाग पडला तर ते स्वप्न कसे साकारणार, हा प्रश्न रास्तच आहे. पण निर्यातदाराला कच्चा माल शुल्काशिवाय आणायची सोय आधीपासूनच आहे. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कापूस आगाऊ परवान्यावर विनाशुल्क येतो. अतिलांब धाग्याचा कापूस, जो आपल्याकडे पुरेसा पिकत नाही, त्यावरचे शुल्क फेब्रुवारी २०२४ मध्येच काढले गेले. ऑस्ट्रेलियाच्या करारानुसार ५१,००० टन कापूस दरवर्षी विनाशुल्क येऊ शकतो. मग सरसकट माफीने नेमके काय साधले? देशातच विकल्या जाणाऱ्या सुताला आणि कापडाला स्वस्त रुई मिळाली. लहान निर्यातदाराला परवान्याची कागदपत्रे जड जातात, ही तक्रार खरी आहे; पण त्यावर उपाय कागदपत्रे सोपी करण्याचा आहे. तिची किंमत कापूस पिकवणाऱ्याने का मोजावी?

ज्या परदेशी कापसाशी ही स्पर्धा आहे, तोही केवळ कष्टाच्या जोरावर स्वस्त झालेला नाही. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत खटला लढवला आणि २००५ मध्ये तो जिंकला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तो मिटवला. अमेरिकेतला शेतकरी हजारो एकरांवर, यंत्राने वेचलेल्या आणि सरकारी विम्याच्या आधारावरच्या पिकासह बाजारात उतरतो. आपला कास्तकार पावसाच्या भरवशावर आणि गुलाबी बोंडअळीशी झुंजत उतरतो. ११ टक्के शुल्क म्हणजे त्या दोघांमधल्या अंतराचा एक छोटा भाग भरून काढण्याचा प्रयत्न होता. ते २०२१च्या अर्थसंकल्पात आले, २०२२च्या एप्रिलमध्ये काही महिन्यांसाठी गेले, परत आले, आणि २०२५ मध्ये पुन्हा गेले. चार वर्षांत इतके वेळा हलणाऱ्या आधारावर कोणी पीक आखायचे?

ग्राहकाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. डाळ आणि तेल विकत घेणारा माणूस फक्त मुंबई-पुण्यातला नाही. धारणी-चिखलदऱ्यातले कोरकू कुटुंब, वऱ्हाडातला भूमिहीन मजूर, अकोल्यातला हमाल, हे सगळे डाळ विकतच घेतात, आणि दोनशे रुपयांची डाळ त्यांच्या ताटातून नाहीशी होते. खाद्यतेलाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग देश बाहेरून आणतो, वर्षाला सुमारे १६० लाख टन. हे दार बंद करणे कोणालाही शक्य नाही. म्हणूनच माझी मागणी आयात थांबवण्याची नाही. शुल्क किती आणि कधी हलेल याचा नियम आधी ठरवावा, एवढीच ती आहे. बाजारभाव हमीभावाच्या ठरावीक पट झाला की शुल्क आपोआप काही टक्के उतरेल, हमीभावाच्या खाली गेला की आपोआप चढेल, असा तक्ता मे महिन्यात छापून टाकता येतो. त्यातून ग्राहकाला संरक्षण मिळते, व्यापाऱ्याला अंदाज येतो आणि कास्तकाराला पेरणीआधी कळते की त्याच्या पिकाला वरची मर्यादा कुठे आहे. मर्यादा कमी असेल, तर निदान ती त्याने जाणून स्वीकारलेली असेल.

काही जाणकार म्हणतात की शुल्क वाढवून तरी काय होते? सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले, तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपये हमीभावाच्या खालीच विकले गेले. हा मुद्दा बरोबर आहे आणि तो टाळून चालणार नाही. सोयाबीनच्या शंभर किलोंतून तेल निघते अठरा किलोंच्या आसपास. बाकीची बहुतांश पेंड. जगात पेंड मुबलक झाली आणि देशात मक्या-तांदळाच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारा चोथा पशुखाद्यात येऊ लागला, तेव्हा तेलाचे शुल्क एकटे सोयाबीनला वर काढू शकले नाही. पण यावरून शुल्क निरुपयोगी ठरत नाही. शुल्क म्हणजे एक पाय आहे आणि खरेदी, प्रक्रिया, पेंडीची निर्यात हे दुसरे. एक पाय अधू असताना दुसरा काढून घेणे हा उपचार नव्हे. शिवाय त्याच अनुभवाचा दुसरा धडा असा, की शुल्क वाढवण्याचा निर्णयही पीक काढणीच्या तोंडावर आला. तो मे २०२४ मध्ये आला असता तर व्यापाऱ्यांनी वाढीपूर्वी भरून ठेवलेल्या स्वस्त तेलाचा साठा हंगामाच्या आधी संपून गेला असता.

‘आयात एकूण उत्पादनाच्या मानाने थोडीच असते’ हे म्हणणेही तपासून पाहावे. २०२४-२५ मध्ये सुमारे ४० लाख गाठी कापूस बाहेरून आला. देशात पिकला तीनशे लाख गाठींच्या आसपास. आकड्यांत हे प्रमाण लहान दिसते. पण बाजारात भाव शेवटच्या गाठीवर ठरतो. गिरणीला कधीही तितकी रुई दीडशेला मिळू शकते हे माहीत असेल, तर ती जिनिंगवाल्याला साडेसहासष्ट वर शंभर का देईल, आणि जिनिंगवाला कास्तकाराला का देईल? २०११-१२ मध्ये सव्वाशे लाख गाठींच्या वर कापूस निर्यात करणारा हा देश आज निव्वळ आयातदार होत चालला आहे, यामागे बोंडअळी, जुने झालेले बियाणे आणि घटते उत्पादन ही कारणे आहेतच. मात्र भावाची खात्री नसलेल्या पिकात कोण पैसा घालेल, हे कारण त्यांच्याइतकेच मोठे आहे. आणि त्या २०११-१२च्याच हंगामात, मार्च २०१२ मध्ये, कापसाच्या निर्यातीवर अचानक बंदी घातली गेली होती, हेही लक्षात ठेवावे. दार आत उघडायचे असो वा बाहेर बंद करायचे असो, हंगामाच्या मधे ते हलवले की बोजा पिकवणाऱ्यावरच पडतो.

अडचणीच्या प्रसंगी सरकारचे हात बांधून ठेवता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. युद्ध होते, पाऊस पडत नाही, परदेशी सरकार रातोरात शुल्क लावते. अशा वेळी शुल्क उतरवावे लागले तर उतरवावे. पण त्याची भरपाई ज्याच्या पिकाचा भाव पडला त्याला मिळावी. कोणाकडे किती एकर कापूस, किती तूर, हे आज कळत नाही असे नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी चालू आहे. २०२३च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, याच नोंदींच्या आधारावर थेट खात्यात दिले. नोंदी चुकतात, नावे सुटतात, हे सगळे झाले. तरी पैसे पोहोचवण्याची यंत्रणा अस्तित्वात आहे हे सिद्ध झाले. पेरणीनंतर शुल्क उतरवले तर क्विंटलमागे पडणारा फरक त्याच यंत्रणेतून देता येईल. तो द्यावा लागेल हे ठाऊक असले, की दिल्लीतला निर्णय घेणारा अधिकारीही सही करण्याआधी दोनदा हिशेब करील.

कृषी मूल्य आयोग १९६५ पासून दरवर्षी हमीभावाची शिफारस करतो आणि ती करताना जगातल्या भावांचाही विचार करतो. त्याच शिफारशीच्या कागदावर कापूस, तूर, सोयाबीन, तेल, हरभरा यांच्या आयात शुल्काचा तक्ता असावा आणि मंत्रिमंडळाने दोन्ही एकाच दिवशी मंजूर करावेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे खाते लागत नाही. अकोला आणि अमरावतीच्या खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून हा एक ठराव लोकसभेत मांडावा. बाजार समित्यांनी, ग्रामसभांनी, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी त्याला आकड्यांचे बळ द्यावे. ज्या पंजाबरावांचे नाव त्या विद्यापीठाला आहे, ते पापळचे होते आणि दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते. दिल्लीत वऱ्हाडाचे म्हणणे ऐकले जाऊ शकते याचा तो पुरावा आहे. येत्या मे-जूनमध्ये हमीभावांची यादी वर्तमानपत्रात येईल तेव्हा त्या यादीशेजारी आयात शुल्काचा रकाना आहे का ते पाहा, आणि नसेल तर आपल्या लोकप्रतिनिधीला मृगाच्या आधी तो मागा.